त्यात काही नाही ना?

“आज इथं बायकांना बंदी,” असं म्हणून मन्मथने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. सुगलाआत्या इतक्या खूश झाल्या की हातातली विभूतीची वडी तशीच धरून मला सांगायला आल्या. आमच्या घराण्यात चुलीपुढं उभा राहिलेला हा पहिला गडी, असं त्यांचं म्हणणं होतं. आत कसलं तरी मशिन हलकेच फुसफुसत होतं आणि दाराच्या फटीतून लोणी, साखर आणि व्हॅनिलाचा गोड वास येत होता.

तो रविवार आमच्या बस्त्याचा होता. साखरपुडा उदगीरला होऊन गेला होता, लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं आणि साड्यांची खरेदी पुण्यातच करायची असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. मुलाकडची वडीलधारी बाई म्हणून आत्या आदल्या दिवशी एसटीने आल्या होत्या; माझ्या आईला प्रवास झेपत नसल्याने आमच्याकडून मी एकटीच होते. मन्मथ रांगत असतानाच त्याची आई गेली. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं घर मांडलं आणि पोरगं या विधवा बहिणीच्या पदरात टाकलं. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या दहावीच्या अभ्यासाला शेजारी जागत बसण्यापर्यंत सगळं आत्यांनी केलं, आणि त्याचा उच्चार त्यांच्या तोंडून कधी ऐकू आला नाही. मला हे सगळं कळलं ते उदगीरच्या शेजारणींकडून.

मी औंधला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. रविवारी आमच्याकडे नळाला पाणी नसे, म्हणून मी सकाळीच मन्मथच्या फ्लॅटवर येऊन न्हाले. बाहेर आले तर आत्यांनी मला पुढ्यात बसवून घेतलं, माझे ओले केस स्वतःच्या हातांनी पिळले आणि आपल्या जुन्या पंचात असे घट्ट बांधून दिले की एक बटही बाहेर राहिली नाही. माझी आईसुद्धा इतकं मन लावून केस बांधत नाही. मला मनातून फार बरं वाटलं. सासू नसलेल्या घरात पडतेय, पण नशिबात आत्या चांगल्या आल्या, असं वाटलं.

मन्मथही मला आवडत होता, खोटं कशाला बोलू? तो हसवायचा. आमच्याकडच्या मुलींना चांगले कमावते नवरे मिळतात, शांत नवरे मिळतात, पण हसवणारा क्वचित मिळतो. तो नकला करायचा, लोकांच्या फिरक्या घ्यायचा, वॉचमनला गंभीर चेहऱ्याने काहीतरी भलतंच पटवून द्यायचा. ऑफिसच्या कामाने सहा महिने अमेरिकेत राहून आल्यापासून त्याला वॉफलचं वेड लागलं होतं. तिकडून तो ते दोन तव्यांचं जड मशिन घेऊन आला होता आणि बस्त्याला निघण्याआधी घरच्या घरी ब्लूबेरीचे वॉफल करून खाऊ घालणार होता.

वॉफल म्हणजे काय ते त्याने आत्यांना दारातूनच समजावलं. पीठ भिजवायचं, दोन तव्यांच्या मध्ये ओतायचं आणि वरून दाबायचं, की चौकड्या उमटतात.

“म्हंजे धिरडंच की,” आत्या म्हणाल्या. “मग तेवढ्यासाठी मशिन कशाला लागतंय?”

त्याने फ्रीजमधली ब्लूबेरी त्यांच्या हातावर ठेवली. आत्यांनी एक बोटांनी फोडली, बराच वेळ बी शोधली आणि शेवटी हे बिनबियाचं जांभूळ आहे असा निकाल दिला. मग बाल्कनीत जाऊन त्यांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि पूजेला बसल्या. पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. उठल्या तेव्हा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. टेबलाशी येऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“मन्मथा, त्यात काही नाही ना रे?”

आमच्या लिंगायत घरांत अंड्याचं नाव घेत नाहीत. माझी आईही घेत नाही. बेकरीत, लग्नाच्या पंगतीत, शेजारून आलेल्या डब्यावर बायका एवढंच विचारतात, त्यात काही नाही ना. विचारणाऱ्याला कळतं आणि सांगणाऱ्यालाही कळतं. या एका शब्दावर आमच्या आया-आज्या आयुष्यभर बिनघोर जेवत आल्या आहेत, कारण त्याचं उत्तर कुणी खोटं देत नाही.

“काही नाही गं आत्या,” मन्मथ आतून म्हणाला. “तू बस निवांत.”

आत्या निवांत बसल्या. मी माझा आणि मन्मथचा चहाचा कप उचलला आणि गाळणं धुवायला आत गेले. माझ्यापुरती बंदी उठली होती. मन्मथ चमचे मांडायला बाहेर गेला. मशिनच्या कडेने निळंजांभळं पीठ उतू आलं होतं आणि तापून फुटलेल्या बेऱ्यांचा रस ओट्यावर ओघळून चिकट झाला होता. व्हॅनिलाच्या खाली आणखी एक वास होता. तो मला चांगला ओळखीचा होता, कारण खोलीवर मी भुर्जी करून खात असे. कॉलेजात गेल्यापासून खाते, आणि घरी सांगत नाही एवढंच. अंड्याचा मला कधी विटाळ वाटला नाही. पण या घरात तो वास मला नको होता.

चहाचा चोथा टाकायला कचऱ्याचा डबा उघडला. वर वर्तमानपत्राचा बोळा होता. तो ओल्याने सुटला आणि आतली टरफलं दिसली. पांढऱ्याचे तंतू कागदाला चिकटून लोंबत होते. ती नीट कागदात बांधून टाकली होती, म्हणजे चुकून पडलं असं म्हणायलाही जागा नव्हती.

मन्मथ परत आला. मी डबा उघडा धरून उभी होते. तो ओशाळेल असं मला वाटलं होतं. तो हसला, आणि तेही फार गोड.

“अगं, ती नेहमी खाते,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी आणतो तो केक कशाचा असतो असं वाटतं तुला? दरवेळी विचारते, दरवेळी मी काही नाही म्हणतो, आणि दरवेळी एक तुकडा जास्त मागून घेते.”

मी विचारलं, का. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्याने सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांना आत्यांचे व्हिडिओ फार आवडत होते. सोवळी आत्या मिटक्या मारत केक खाते, वर सांगते की आमच्या तोंडाला आजवर कधी काही लागलं नाही, आणि सगळे पोट धरून हसतात. आज वॉफलचा भाग होता. त्याने टेबलावर सॉसच्या बाटलीला टेकवून मोबाइल आधीच उभा केला होता. मला वाटलं होतं, आमच्या बस्त्याच्या दिवसाची आठवण म्हणून लावलाय.

मी म्हटलं, त्यांना देऊ नकोस. तो म्हणाला, तूच गुपचूप अंडी खातेस, तू कशाला शहाणपणा शिकवतेस? मी म्हटलं, मी माझ्या तोंडाने खाते. त्यावर त्याने माझ्या गालाला पिठाचं बोट लावलं आणि म्हणाला, “तिला कळत नाही ना, मग तिचं काय जातं?” आणि प्लेटा घेऊन बाहेर गेला.

गालावरचं ते पीठ मी पदरानेही पुसलं नाही, नळाखाली धुतलं. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही वाईट होत्या. गप्प बसावं, तर त्या बाईच्या तोंडात तो घास जातो आणि मी त्या हसणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसते. सांगावं, तर आत्यांना कळणार, आणि आजचंच नाही, मागचंही सगळं. ज्याला वाढवलं त्याने कित्येकदा आपला नेम मोडला, आणि तोही चेष्टेसाठी, हे कळून ती बाई घरी जाऊन काय करणार? मला घास अडवायचा होता, पण कारण न सांगता.

बाहेर आले तेव्हा आत्यांच्या पुढ्यात प्लेट होती. वॉफल गरम होता, चौकड्यांत लोणी वितळत होतं, निळ्या डागांवरून पाक ओघळत होता. आत्या चमच्याला नको म्हणून हाताने तुकडा मोडत होत्या. मन्मथ समोर बसून मोबाइलच्या पडद्यात त्यांचा चेहरा नीट येतो का ते बघत होता.

मी पंचाच्या कडेखाली बोट सरकवलं, कानशिलाजवळचा एक लांब केस ओढून काढला आणि पाक वाढायच्या निमित्ताने त्यांच्या वॉफलवर सोडला. मग म्हटलं, “आत्या, थांबा. केस आहे त्यात.”

आमच्याकडे केस निघाला की ताट बाजूला सारायचं, यावर दोन मतं नाहीत. नवं वाढून देताना मी सगळंच पीठ मोरीत ओतणार होते, आणि वर धांदरटपणाची बोलणी खाणार होते.

“शी,” मन्मथ म्हणाला. त्याचं तोंड इतकं वाकडं झालं की मी बघतच राहिले. त्याने स्वतःची प्लेटही ढकलली, उमासा आल्यासारखा रुमाल तोंडावर धरला आणि म्हणाला, “शिवलीला, काय गं हे घाणेरडं? आता माझ्या घशाखाली नाही उतरायचं हे.”

कागदात टरफलं लपवणाऱ्या माणसाला माझ्या केसाची किळस आली होती. मला हसावं की रडावं ते कळेना.

आत्यांनी मात्र दोन बोटांनी तो केस उचलला, उजेडात धरून पाहिला, बोटाभोवती गुंडाळला आणि प्लेटीच्या कडेला ठेवला.

“लेकराचा केस हाय,” त्या म्हणाल्या. “त्याला काय होतंय? मन्मथा, तू गोवरानं आजारी होतास तवा तुझी वांती मी ओंजळीत धरली हाय. केसाची कसली शी करलालास?”

आणि त्यांनी तुकडा उचलला. हे माझ्या हिशेबात नव्हतं. माझ्या सगळ्या युक्तीवर त्या बाईच्या मायेने पाणी ओतलं होतं. हात हळूहळू वर गेला आणि तोंडाजवळ येऊन थांबला. त्या मन्मथकडे बघत होत्या. तो रुमाल बाजूला करून पुन्हा मोबाइल सरळ करत होता. 

“आत्या,” मी म्हणाले, “त्यात काही आहे.”

तुकडा प्लेटीत परत आला. त्यांनी तो टाकला नाही, ठेवला. हात पुसला. मग मन्मथला विचारलं, “संक्रांतीला आणलेला केक?”

तो हसला. अजूनही त्याला ते हसण्यावारीच न्यायचं होतं. “आवडला होता ना तुला? दोनदा मागून घेतलास. मग? काय झालं तुला? हिंडतेस-फिरतेस की नेहमीसारखी.”

“आन् माझ्या एकसष्टीला आणलेला?”

“सगळेच, आत्या. आता जग कुठं चाललंय, आणि तू कुठं.”

त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर गेला, आणि डबीला लागायच्या आधीच मागे आला. तो हात मी विसरू शकत नाही. स्वतःच्याच देवाला शिवावं की नाही, याची त्या बाईला शंका आली होती. त्या उठून मोरीकडे गेल्या. चूळ भरण्याचा आवाज आला, पुन्हा आला, येतच राहिला. मग ओकारीचा. पोटात काही नव्हतंच, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता, त्यामुळे नुसते कोरडे उमासे येत होते. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर त्यांनी मानेने नको म्हटलं.

मी बाहेर आले. मन्मथ मशिनजवळ उभा होता. केस निघालेली प्लेट त्याने कचऱ्यात उपडी केली होती, नवा वॉफल काढून घेतला होता आणि ओट्याला टेकून तो खात होता. पाक हनुवटीवर आला होता, दातांवर निळे डाग पडले होते. आतून आत्यांच्या उमाशांचा आवाज येत होता आणि हा चावत होता.

“बघितलंस, तुझ्यामुळे,” तो भरल्या तोंडाने म्हणाला. “तिला कळलं नसतं तर काहीच झालं नसतं. आता दिवसभर नाटक चालेल. आणि बस्त्याचा मूड गेला तो वेगळाच.”

मला त्या तोंडाची किळस आली. राग नव्हता तो. राग आला असता तर भांडले असते, आणि भांडणं मिटतात, हे मलाही माहीत होतं. ही शिसारी होती, दुधात माशी दिसावी तशी, जी काढून टाकली तरी दूध पीत नाहीत. या तोंडाशेजारी बसून आयुष्यभर जेवायचं, या हाताने वाढलेलं खायचं, आणि दरवेळी विचारत राहायचं की यात काही नाही ना. उद्या मूल झालं, त्याला ताप आला, मी विचारलं औषध दिलंस का, तर हा काय सांगेल आणि मोबाइल कुठे टेकवून ठेवलेला असेल? 

आत्या बाहेर आल्या तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि कपाळावरचे पट्टे पुसले गेले होते.  त्यांनी पिशवी भरली, चष्मा घेतला, वाळत घातलेलं लुगडं घडी केलं. मन्मथ मागे मागे फिरत होता. अगं सॉरी म्हणतो, अगं गंमत होती, मी व्हिडिओ पुसून टाकतो, आणखी काय पाहिजे? त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, सवयीनेच, आणि चप्पल पायात घातली. मी त्यांच्याबरोबर निघाले. पंचा अजून माझ्या डोक्याला होता, तो मला रिक्षात बसल्यावर आठवला.

स्टँडवर उदगीरची गाडी लागायला वेळ होता. मी त्यांना शहाळ्याचं पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं, कारण ते त्यांच्यासमोर फोडलं होतं. आम्ही बाकावर बसलो. मी पंचा सोडून घडी केली आणि त्यांच्या पिशवीत ठेवली. मग माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, आत्या, मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही केसाला हरकत घेतली असती तर मी काहीतरी करून सगळं टाकून दिलं असतं. घास तोंडापर्यंत गेला म्हणून सांगावं लागलं.

आत्या शहाळ्यातली नळी बोटाने फिरवत राहिल्या.

“बाई गं,” त्या म्हणाल्या, “तुझे केस मी बांधले होते. एक बट भाईर ठिवली नव्हती. त्यातून केस कसा पडंल?”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“केस बघितला तवाच मला कळलं, ही पोर कायतरी अडवलाली हाय. आन् कशासाठी अडवती ते बी कळलं. एवढी काय मी खुळी न्हाई.”

“मग घास का उचललात?”

 समोर कंडक्टर गावांची नावं घेत होता.

“त्याला बघायला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आता तरी हात धरंल माझा. तोंडापर्यंत नेला, थांबले. वाट बघितली. लहानपणी मी चुकून गरम भांड्याला हात लावाया गेले तर वरडायचा, आत्या, भाजंल. म्हटलं, त्यातलं कायतरी ऱ्हायलं असंल.” त्यांनी शहाळं खाली ठेवलं. “त्यो मोबाइल नीट करत होता.”

गाडी लागली. मी पिशवी आत नेऊन दिली. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि सोडला. लग्न मोड असं त्या म्हणाल्या नाहीत, मोडू नको असंही म्हणाल्या नाहीत. स्वतःच्या लेकराबद्दल यापेक्षा जास्त कुणी काय सांगावं.

मी औंधला खोलीवर गेले. बोटातली अंगठी साबण लावून काढली आणि रुमालात बांधली. संध्याकाळी आईचा फोन आला. बस्ता झाला का, शालू कुठल्या रंगाचा घेतला, असं ती उत्साहाने विचारत होती. मी म्हटलं, बस्ता झाला नाही, आणि होणारही नाही. आई घाबरली. पत्रिका छापायला गेल्या आहेत, लोक काय म्हणतील, भांडलात का, असं सगळं विचारून झालं. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. आमच्याकडे अशा गोष्टी जशा विचारतात तशाच, नाव न घेता, तिने विचारलं,

“शिवू, खरं सांग. त्या मुलात काही आहे का?”

“आहे,” मी म्हणाले.